राजकन्येने ओतलेली अंगठी

खूप खूप वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका लहानशा राज्यात एक राजकन्या होती. तिचं लग्न डोंगरापलीकडच्या राजपुत्राशी ठरलं. त्या डोंगरी मुलखाची एक रीत होती. नवरीने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने चांदीची अंगठी घडवायची आणि नवरदेवाच्या बोटात घालायची.

राजकन्या दरबारातल्या म्हाताऱ्या सोनाराकडे शिकू लागली. आधी मेणाची अंगठी करायची. तिच्यावर मातीचा लेप द्यायचा. माती पुरती वाळली की तो साचा भट्टीत भाजायचा. मेण वितळून बाहेर येतं, आणि आत राहिलेल्या पोकळीत तापलेली चांदी ओतायची.

राजकन्येला धीर नव्हता. तिचा साचा आतून ओलाच राहायचा, आणि ओला साचा तापलेली चांदी ओतताच फुटतो. सोनार तो हातात घेताच ओळखायचा, पण राजाच्या लेकीला चूक सांगायची कशी? ती जेवायला गेली, की तो आपला वाळलेला साचा तिच्या साच्याच्या जागी ठेवायचा. अंगठी सुरेख उतरायची.

"काका, खरंच जमलं का मला?" ती विचारायची.

"जमलं म्हणजे काय, ताईसाहेब! तुमच्या हातात जादू आहे."

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव माणसांनी भरला होता; सगळ्यांदेखत साचा बदलणं सोनाराला शक्य नव्हतं. राजकन्येने साचा भट्टीतून काढला आणि हसत चांदी ओतली. तडाक्कन आवाज झाला. साचा फुटला, चांदीचे थेंब मातीत विखुरले आणि तिच्या बोटाला चटका बसला.

राजकन्येने सोनाराकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली.

"ताईसाहेब, तुमचा साचा रोजच ओला असायचा. मी तो बदलत होतो. तुम्ही रागवाल, या भीतीने बोललो नाही."

राजकन्येचे डोळे भरले. "रागावले असते, काका. पण शिकलेही असते."

राजपुत्राची आई उठून तिच्याजवळ आली आणि पोळलेल्या बोटावर तिने गार पाणी घातलं. "लग्न काही पळून जात नाही, पोरी. आम्ही थांबतो. तू सावकाश शिक."

राजकन्येने मातीत पडलेली चांदी वेचली आणि ती पुन्हा सोनारासमोर बसली. "आता आधी चूक सांगायची," ती म्हणाली, "आणि कौतुक मागाहून."

सोनार सांगत गेला. ती कधी चिडली, कधी रडली, पण उठली नाही. साचे फुटत गेले, तसा तिचा हात बसत गेला.

अखेर मांडव पुन्हा सजला. या वेळी साचा टिकला. अंगठी एका अंगाला जराशी जाड होती. राजपुत्राने ती फिरवून फिरवून पाहिली आणि आनंदाने बोट पुढे केलं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपली चूक जो झाकतो, तो आपलं शिकणंच हिरावून घेतो.