जादा सिलिंडर

भूलतज्ज्ञांच्या आमच्या छोट्या संघटनेचे नवे अध्यक्ष डॉ. निंबाळकर यांना अधिवेशन पंचतारांकित हॉटेलातच हवं होतं. भर सभेत ते म्हणाले, "राखीव ठेव मोडा. वीस वर्षांत तिला एकदाही हात लागलेला नाही. जे कधी लागतच नाही, ते सांभाळायचं कशाला?"

खजिनदार डॉ. शाहीन मुजावर तेवढ्या उठल्या.

"मी सही करणार नाही, सर. ऑपरेशनच्या वेळी मी ऑक्सिजनचा जादा सिलिंडर शेजारी ठेवते. वीस वर्षांत तोही कधी लागला नाही. सोमवारी तुमच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला भूल मीच देणार आहे. सिलिंडर बाहेर ठेवायला सांगू?"

अध्यक्षांचा हात नकळत पोटावर गेला.

"ठेव राहू द्या," ते पुटपुटले, "आणि सिलिंडर भरलेला आहे ना, तेवढं बघा."