गप्प झालेला खडक

फार वर्षांपूर्वी कोकणच्या समुद्रात प्रवाळांचा एक खडक होता. तिथे वाघी नावाची म्हातारी हेकरू मासळी राहायची आणि सगळे तिचा शब्द मानायचे. एकदा एक मोठा शार्क त्या बाजूला फिरू लागला. वाघीने ताकीद दिली, "कुणीही आवाज करायचा नाही."

दिवसभर नांगी वाजवणाऱ्या कोळंब्याही गप्प झाल्या. शार्क निघून गेला, पण भीती गेली नाही. दोन वर्षं खडकावर एकही नवं पिल्लू आलं नाही. शेवाळ खाणारे पोपटमासे म्हातारे होऊन थकले, त्यांच्या जागी नवे आले नाहीत आणि प्रवाळ शेवाळाखाली गुदमरू लागले.

"अंडी तर दर वर्षी सोडतो आपण. मग पिल्लं जातात कुठे?" वाघी काळजीने म्हणाली.

टिचकी नावाची कोळंबी बिळातून बाहेर आली. "आजी, ती लाटांबरोबर लांब वाहत जातात. आमचा आवाज ऐकूनच त्यांना घर सापडतं. मीही तशीच आले होते."

"आणि शार्कने ऐकलं तर?"

"तर कपारीत लपू. पण पिल्लंच नसली तर या कपारी कुणासाठी?"

मग वाघी म्हणाली, "चुकलंच माझं. वाजव."

टिचकीने नांगी आपटली. एकेक करत साऱ्या कोळंब्या वाजू लागल्या. चौथ्या पहाटे तांदळाच्या कणीएवढी पिल्लं झुंडीने आली.

"कुठे होतात रे इतके दिवस?" वाघीने विचारलं.

"इथेच जवळ होतो, आजी," एक पिल्लू म्हणालं. "पण इथे कुणी राहतं असं वाटलंच नाही."

वाघी बाजूला सरली आणि तिने त्यांना आपल्या कपारीत घेतलं.