समाधी लागणारा संगणक

"मग आता तो संगणक रिकामा कधी असतो?" मठाचे प्रमुख रेवणबुवांनी विचारलं.

सौमित्र हसला. "कधीच नाही. म्हणून तर गोठत नाही."

मठातला संगणक कोणी काम करत असलं की दिवसभर नीट चाले. सगळे जेवायला उठले, की पंधरा मिनिटांत पडद्यावरचा बाण जागीच थिजे. मग बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज नसे. स्वयंपाकघरातल्या गिरिजाक्का म्हणत, "यंत्राला समाधी लागते. आमच्या इंजिनियरला कधी लागायची?"

ते सौमित्रला झोंबलं होतं. चार महिन्यांपूर्वी, आई गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी, तो नोकरी सोडून मठात आला आणि त्याने दीक्षा मागितली. बुवा म्हणाले, आधी एवढं यंत्र दुरुस्त कर.

त्याने मेमरी बदलली. पॉवर सप्लाय बदलला. सगळं पुसून नव्याने भरलं. तरी बाण थिजायचा तो थिजायचाच. शेवटी त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, दर मिनिटाला तो बाण आपोआप हलवणारा. आज तिसरा दिवस, संगणक एकदाही गोठला नव्हता.

"म्हणजे बिघाड सापडला?"

"शोधायची गरजच उरली नाही, बुवा."

बोलतानाही त्याच्या बोटांत जपमाळ फिरत होती. चार महिन्यांत ती थांबलेली कोणी पाहिली नव्हती. झोपेतही चालते, असं त्याच्या खोलीतले सांगत.

बुवांनी हात पुढे केला आणि माळ काढून घेतली.

सौमित्र दचकला. "जप चालू आहे माझा..."

"बस जरा."

"बसून काय करू?"

"काही नाही."

...

त्याची बोटं हवेतच दोनदा फिरली. मग थांबली.

ओठ उघडेच राहिले. दारात कोणी येऊन उभं राहावं, तसा तो समोर पाहत राहिला. दारात कोणी नव्हतं.

"आई..."

मठात त्याच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याचा हात माळेकडे गेला. बुवांनी मूठ मिटली.

"आणि... दीक्षा?"

बुवांनी संगणकाकडे पाहिलं. बाण इमानाने हलत होता.

"तो प्रोग्रॅम काढून टाक. गोठू दे त्याला. या वेळी आपण दोघं शेजारी बसून बघू."