ओळंब्याला न लागलेली जिलबी

बाजाराच्या वेशीवर एक गवंडी हातात ओळंबा धरून भाजी तपासत बसला होता. ओळंबा ही खरं तर भिंत सरळ आहे का ते पाहायची दोरी. पण राजा धैर्यसिंहाचा हुकूमच तसा होता: राज्यात वाकडी वस्तू खायला विकायची नाही की वाढायची नाही. राजाला सरळपणाचं भारी वेड. रस्ते सरळ करून झाले, झाडं छाटून झाली, आता दोडक्यांची पाळी आली होती.

वाघोशीच्या शेतकऱ्यांच्या सतरा गाड्या वेशीवर अडल्या. दोन दिवसांत सगळी भाजी सुकून गुरांपुढे जाणार! म्हातारी माणसं कपाळाला हात लावून बसली. तेव्हा काशिबा माळ्याची पंधरा वर्षांची सगुणा गावातली नऊ पोरंपोरी गोळा करून थेट राजवाड्यात गेली.

"महाराज, दोडका वळला म्हणून कडू होत नाही."

"पण दिसतो वाईट," राजा म्हणाला. "वाकडी वस्तू मी मागून कधी खाणार नाही. पैज लाव. उद्या जेवण होईपर्यंत माझ्या तोंडून एक तरी वाकडी वस्तू मागवून दाखव, हुकूम रद्द. नाही जमलं, तर गाड्या परत न्यायच्या."

"चालेल," सगुणा म्हणाली. "फक्त तोवर मुदपाकखान्याच्या दारात हुकूम पाळला जातोय का, ते आम्ही पोरं बघतो."

"बघा की," राजा मिशीत हसला. "तरुण मंडळी इतकी शिस्तीची असतील असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी राजा पाटावर बसला. पहिल्याच घासाला त्याचं तोंड वाईट झालं.

"आमटी अशी बेचव का?"

"चिंच वाकडी निघाली, महाराज," सगुणा दारातून म्हणाली. "मिरच्याही. एक ओळंब्याला लागेल तर शपथ."

"आणि फळ?"

"केळी आली होती. परत पाठवली."

राजा मुकाट्याने भात गिळू लागला. पैज त्याच्या लक्षात होती, तो काही कच्चा नव्हता. पण गुरुवार होता, आणि आतून केशराच्या पाकाचा वास आला. गुरुवारी ताटात जिलबी नाही, असं बारा वर्षांत घडलं नव्हतं.

"आचारी, जिलबी वाढा."

"पोरांनी अडवलीय, सरकार. परात दारातच आहे."

"माझी जिलबी अडवली?"

"आम्ही तिला खूप समजावलं," सगुणा गंभीरपणे म्हणाली. "पण ती वळसे घेऊनच बसलीय. महाराजांचा हुकूम मोडायची आमची काय छाती?"

"अगं, वाकडी तर वाकडी! आण ती इकडे!"

राजाने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

सगुणाने परात पुढे ठेवली. "घ्या, महाराज. हिला दिलीत तीच सूट आमच्या दोडक्यालाही द्या."

राजा इतका हसला की हातातली जिलबी पितांबरावर पडली. "हरलो! बक्षीस माग."

"दर बाजाराला राजवाड्याने पहिली गाडी घ्यायची ती सगळ्यांत वाकड्या भाजीची."

"कबूल," राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि आजपासून कोठीसाठी भाजी घ्यायचं काम तुम्हा दहा जणांचं. जिलबीच्या परातीपाशी मात्र पुन्हा फिरकायचं नाही!"