ताईचा मध्यम

फार पूर्वी एका डोंगरपायथ्याच्या गावात दोन बहिणी राहत. नवरात्रात देवीपुढे गायची सेवा त्यांच्या घराकडे होती. रीत अशी, की दोघींनी एकाच तंबोऱ्यावर गायचं. गाणं फसलं, तर सेवा दुसऱ्या घराकडे जायची.

आता गाणाऱ्याचा सा जिथे सुखाने बसतो, ती त्याची पट्टी. थोरलीची पट्टी खालची, धाकटीची चांगलीच वरची. तंबोरा दरवर्षी थोरलीच्या पट्टीत लागे. धाकटी बिचारी खालच्या सुरांत चाचपडत राही आणि कौतुक व्हायचं थोरलीचं. सांगा बरं, कुणाला राग येणार नाही? तिलाही आला, पण तिने तो पोटातच ठेवला.

त्या वर्षी तंबोरा लावायला तीच बसली. कुणाला न विचारता तिने खुंट्या पिळल्या आणि तारा आपल्या पट्टीत चढवल्या.

गाणं सुरू झालं. धाकटीचा आवाज असा मोकळा लागला, की लोक माना डोलवू लागले. थोरली मात्र वरच्या सुरापाशी गेली आणि तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा सूर लावला, पुन्हा फाटला. मग ती गप्पच बसली. थोरलीचं गाणं संपलं, यापुढे रीत मोडून धाकटीनेच एकटीने गावं, अशी कुजबुज देवळात सुरू झाली.

हेच तर हवं होतं ना? पण ताईची खाली गेलेली मान पाहून धाकटीला पुढे गाववेना. ती थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, तारा मीच चढवल्या."

"पहिल्या सुरालाच कळलं गं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, इतकी वर्षं तू माझ्या पट्टीत गुदमरलीस. एक दिवस मी गुदमरले तर काय झालं?"

धाकटीला रडू कोसळलं. डोळे पुसत ती तारा ताईच्या पट्टीत उतरवू लागली. पहिली तार उतरवताना तिचा कान चमकला. ताईचा मध्यम, म्हणजे साऽरेऽगऽम यातला चौथा सूर, तोच तर आपला सा! तिने ती तार तिथेच ठेवली आणि बाकीच्या ताईच्या सावर आणल्या. ताईने एक ओळ म्हणावी, हिने तीच मध्यमावरून उचलावी, असं त्या दिवशी गाणं झालं. दोघींचे गळे मोकळे होते आणि तंबोरा एकच होता.

सेवा त्याच घरात राहिली. त्या गावात अजूनही देवीपुढे जोडीनेच गातात.

तात्पर्य: दुसऱ्याला आपल्या पट्टीत ओढू नये आणि आपणही मुकाट गुदमरू नये, त्याच्या सुरांतच आपला सा सापडतो, तो शोधावा.