तीन पूल, एक नदी

नदीकाठच्या एका गावात ठकूबाई नावाची कुंभारीण राहत होती. तिच्या हाताला असा गुण, की मडक्याला टिचकी मारली तर घंटेसारखं वाजे. पण बाजार पडला पलीकडच्या तीरावर! गाढवावर मडकी लादून ती पाण्यात उतरे आणि पलीकडे पोचेपर्यंत चार-सहा तरी फुटतच. दर बाजाराला ती नदीच्या नावानं बोटं मोडी.

दिवाळी सरली आणि गावात दवंडी आली. राजाचा हुकूम होता, "येत्या अक्षय तृतीयेपर्यंत पूल बांधाल, तर बारा गावांची पेठ तुमच्याच गावात वसवू. चुना आम्ही देऊ. दगड आणि मेहनत तुमची."

अहाहा! गावात नुसती धांदल उडाली. दुकानं येणार, गाड्या येणार! ठकूबाईला तर पेठेत मांडलेली आपली मडकी डोळ्यांसमोर दिसायलाच लागली.

पण घोडं अडलं जागेवर. गावाच्या तीन वाड्या होत्या, वरची, मधली आणि खालची. गेनू पाथरवट म्हणाला, "खालच्या वाडीपाशी पात्र अरुंद आहे, तळाला कातळ आहे. पूल तिथंच बांधा."

ऐकतो कोण? वरच्या वाडीची ठकूबाई पदर खोचून उभी राहिली. "पूल होईल तर माझ्या आव्यासमोर! मडकी भाजली की थेट पुलावर." मधलीवालेही हटेनात. शेवटी चुन्याचे तीन वाटे झाले आणि प्रत्येक वाडीनं आपापल्या दारातून आपापला पूल सुरू केला. आहे की नाही गंमत?

फाल्गुन उजाडला. दगड संपले, चुना संपला. नदीत पूल उभे तीन आणि तिन्ही अर्धवट! राजाचा कारभारी पाहणीला आला आणि पोट धरधरून हसला. "वा रे गाव! तीन पूल बांधलेत, पण पलीकडे जायचं ते पोहूनच! अक्षय तृतीयेला परत येतो. तोवर पूल झाला नाही, तर पेठ शेजारच्या गावाला."

ठकूबाई आपल्या पुलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. तिन्हींत तिचाच पूल लांब होता, पण पुढे पाणीच पाणी. नदीच्या खालच्या अंगाला पाहिलं, तर खालच्या वाडीचा पूल पलीकडच्या काठापासून वीसेक हातांवर राहिलेला. आपल्या दारातला पूल आपल्याच हातानं मोडायचा?

तिनं पहार आणली. खण्! पहिला दगड सुटला. तो तिनं गाढवावर लादला आणि निघाली खालच्या वाडीकडे.

"अगं ठकाक्का, वेड लागलं काय?" शेजारी ओरडले.

"इथं बसून हे दगड काय अंडी घालणार आहेत? चला, हात लावा!"

आणि चुना? ठकूबाईनं महिन्याभराची मडकी बाजूला सारली आणि आव्यात चुनखडी भाजायला घातली. ते पाहून मधलीवाले शरमले, तेही आपले दगड घेऊन धावले. मग काय विचारता! तिन्ही वाड्या एका रांगेत उभ्या राहिल्या, दगड या हातातून त्या हातात जाऊ लागले. गेनू ओरडे, "आणा, आणा, अजून आणा!" अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी शेवटचा दगड बसला आणि दोन्ही काठांवर एकच जल्लोष उठला.

सकाळी गावानं मडकी लादलेल्या गाढवासह ठकूबाईलाच पहिल्यांदा पुलावर पाठवलं. पलीकडे कारभारी उभा होता. त्यानं विचारलं, "पूल झाला, पेठ तुमच्या गावाची! पण बाई, एवढा वळसा घालून आलात. पूल दारात हवा होता ना तुम्हाला?"

ठकूबाईनं मडक्यांवर एकेक टिचकी मारली. सगळी खणखणीत वाजली. एकही फुटलं नव्हतं.

"वळसा परवडला, कारभारी," ती हसून म्हणाली. "दारातल्या पुलावरून मी आजवर कुठंच पोचले नव्हते."

तात्पर्य: सगळ्यांच्या सोयीचं काम माझ्याच दारात हवं म्हणून अडून बसलं, तर ते कुणाच्याच उपयोगी पडत नाही. योग्य जागा पाहून सगळ्यांनी तिथंच बळ लावलं, तर भरभराट घरोघरी पोचते.