भित्री करवत

काही वर्षांमागे सदोबा नावाचा एक कारागीर इंजिनावर चालणाऱ्या जुन्या करवती गोळा करून दुरुस्त करी. त्यातली एक करवत नीट झाली, तरी कामाला भिई.

एकदा वादळात फणस गोठ्यावर कोसळला. शेळीचे करडू फांद्यांखाली अडकले. सदोबाने तीच करवत उचलली.

"माझा दात चुकून लागला, तर करडू जाईल," करवत म्हणाली.

"तू थांबलीस तरी जाईल," शेळी कळवळली. "हळू काप, बाई, पण काप!"

सदोबाने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. करवत भीत भीतच एकेक फांदी कापत गेली. अखेर करडू धडपडत बाहेर आले आणि आईला लुचू लागले.

इंजिन बंद झाले, तरी करवत थरथरत होती.

"अजून भितेस?" सदोबाने विचारले.

"नाही हो," ती म्हणाली, "आता कुठे जिवात जीव आला."